नेड हॅलम निघाला तेव्हा

"खिडक्या राहू देत उघड्या," कुमुदताई म्हणाल्या. "गारठून मेलो तरी बेहत्तर, पण त्या पेंडशाच्या नाकात बोंबील जायला नकोत."

"पेंडसे नाही हो, पेंडल."

"तेच ते. पुस्तकं छापतो ना? मग पेंडसेच."

लेस्टरमधला फेब्रुवारी होता. दिघ्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघंही कोट घालून बसलो होतो आणि पडदे आमच्या अंगावर येत होते. सुके बोंबील सकाळी कुमुदताईंनीच भाजले होते, कारण ऑक्टोबरपासून हेमचंद्ररावांना दुसरं काही गोड लागत नव्हतं. लंडनहून पाहुणा येणार हे मात्र त्यांना बोंबील भाजून झाल्यावर आठवलं.

माझं काम होजिअरीच्या गिरणीत पगार काढण्याचं. कुणाचे किती खाडे, कुणाचं किती जादा काम, हे मांडता मांडता माणसांच्याही जमा आणि नावे अशा दोन बाजू करायची खोड मला लागली. कुमुदताईंच्या जमेला सढळ हात आणि असे कानवले, की पदर मोजत बसावं. नावे एकच गोष्ट होती. जे त्यांना मान्य नसे, ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसे.

हेमचंद्ररावांची खुर्ची त्यांनी खिडकीकडं पाठ करून ठेवली होती. समोर टंकलेखनयंत्र, शेजारी कागदांची चांगली वीतभर चळत, आणि हेमचंद्ररावांच्या बोटांत पेन.

"हे कागद कसले?" मी विचारलं.

"ह्यांच्या कारखान्यातले जुने. पंपाबिंपाचे आहेत. वरचा कोरा ठेवलाय. तो काय उचकून बघणारे?"

"आणि बोलायची वेळ आली की?"

"घसा," कुमुदताई म्हणाल्या. "घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. ते तू सांगायचं. तुझं इंग्लिश चांगलंय. मी नुसती हसेन."

हेमचंद्ररावांनी माझ्याकडं पाहिलं. अर्ध्या तोंडानं हसले. दुसरं अर्धं आता हसत नसे.

माणूस अलिबागकडचा. यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात बसून उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातून उरलेल्या रविवारी स्वैपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी एक इंग्रजी कादंबरी लिहिली. विज्ञानकथा. लंडनच्या प्रकाशकानं ती घेतली तेव्हा मराठी मंडळानं शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं केली. वाचली मी एकटीनं. नाव 'द थिन एअर फेरी'. शनीच्या एका चंद्रावर माणसांची वस्ती असते, तिथं सामान ने-आण करणारी होडीवजा यानं असतात, आणि त्यातल्या एका यानाचा चालक नेड हॅलम. शेवटी वस्तीतली अणुभट्टी बिघडते. ती बांधून दूर ओढून न्यायला हवी, नाहीतर सगळे खलास. नेड आईचा निरोप घेतो, हवाबंद दार लागतं, आणि तो भट्टी घेऊन निघून जातो. संपलं.

लेखकाचं नाव प्रकाशकानं 'एच. सी. डीग' असं छापलं होतं. "गुप्तेबाई," हेमचंद्रराव म्हणाले होते, "मी अख्खा दिघे दिला होता हो. त्यातला 'घे' काही त्यांना घेता आला नाही." त्याच मुखपृष्ठावर खाली लहान अक्षरांत होतं : नेड हॅलम मालिका, पुस्तक पहिलं. त्यावर मात्र ते काही बोलले नव्हते.

मग ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि इंग्रजी गेलं. नुसतं अडखळायला लागलं असं नाही, पाटी पुसावी तसं गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाटत होतं की पेशंट अर्थहीन आवाज काढतोय. ते बिचारे मराठीत पाणी मागत होते. मराठी राहिलं, पण कसर लागल्यासारखं. नामं राहिली, क्रियापदं गेली, आणि 'हो' नि 'नाही' यांची तर अदलाबदल झाली. चहा हवा का म्हटलं की "नाही" म्हणत आणि कप ओढून घेत. त्या हिवाळ्यात दिघ्यांच्या घरात 'नाही' म्हणजे 'हो' हे आम्हाला अंगवळणी पडलं होतं.

"हे बघ वसुधा," कुमुदताई बाहेरची चाहूल घेत म्हणाल्या, "दुसरं पुस्तक येणार म्हणून त्यांनी जाहीर केलंय. ते काही त्यांना बंद करू द्यायचं नाही. पुस्तक चालू आहे तोवर हे चालू आहेत. कळलं?"

कळलं नव्हतं असं कसं म्हणू? घंटी वाजली.

पेंडल चाळिशीचा, उंच, खांदे पाडून चालणारा माणूस होता. आत आल्याबरोबर कोट काढायला त्यानं हात वर केले, आम्हा तिघांकडं पाहिलं आणि पुन्हा बटणं लावली. मी त्याच्या जमेला पहिली नोंद केली.

"हवा खेळती आहे," तो म्हणाला.

"काय म्हणाला?" कुमुदताई.

"घर छान आहे म्हणाला."

कुमुदताई हसल्या आणि कानवल्यांची बशी पुढं केली. त्यानं एक उचलला, चावला, आणि सगळे पदर त्याच्या कोटावर, मांडीवर, गालिच्यावर झाले. तो बावरला. हेमचंद्ररावांना ते दृश्य फार आवडलं. ते खुदखुदले.

"मिस्टर डीग, तुमची तब्येत बरी दिसतेय," पेंडल म्हणाला.

हेमचंद्रराव त्याच्या ओठांकडं बघत राहिले. काचेपलीकडच्या माशाकडं बघावं तसे.

"घसा," मी म्हटलं. "डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय. मी त्यांच्या वतीनं बोलेन."

"अच्छा." पेंडलनं मान हलवली. मग त्याची नजर हळूहळू फिरली. कागदांची चळत, यंत्र, पेन. पेनावर ती थांबली. कुमुदताईंनी ते डाव्या हातात दिलं होतं, कारण उजव्यात राहत नव्हतं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखा.

"त्यांनी माझ्या कार्यालयात सही केली तेव्हा उजव्या हातानं केली होती," तो माझ्याकडं न बघता, अगदी हळू म्हणाला. "कधी झालं हे?"

मी कुमुदताईंकडं पाहिलं. त्या हसतच होत्या.

"ऑक्टोबरात," मी म्हटलं.

"माझ्या वडिलांचं असंच झालं होतं." त्यानं बशी खाली ठेवली. "बोलता येतं?"

"इंग्रजी नाही. आमची भाषा थोडी."

"समजतं?"

"आमच्या भाषेत सांगितलं तर सगळं समजतं."

"काय चाललंय?" कुमुदताईंनी विचारलं.

"घशाचं विचारतोय."

"हळदीचं दूध देतो म्हणावं."

पेंडल खुर्ची ओढून माझ्याजवळ आला. आवाज आणखी खाली नेऊन त्यानं जे सांगितलं ते सरळ होतं, आणि त्याबद्दल मी त्याला आजही दोष देत नाही. कार्यालयातल्या लोकांना उशिरावरून शंका आलीच होती. पुस्तकाचं नाव झालंय, वाचक पुढचं मागतायत, तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं असं त्यांचं ठरत आलं होतं. करारात तशी सोय होतीच. पेंडल मुद्दाम भांडून, एक संधी मागून आला होता.

"गोष्ट त्यांच्या डोक्यात असेल," तो म्हणाला, "तर हात चालला नाही तरी बिघडत नाही. ते सांगतील, तुम्ही लिहून घ्याल, मी नीट करीन. दोन वर्षं लागली तरी मी थांबवून धरीन. पण गोष्ट आहे, एवढं मला कळायला हवं. एकच प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडंच नाही."

"विचारा."

त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. त्याची प्रत वापरून वापरून फुगली होती. शेवटचं पान उघडून त्यानं माझ्यासमोर धरलं.

"हे बघा. नेड निघालाय. तो परत येऊ शकणार नाही हे त्याला माहीत आहे, आईला माहीत आहे, वाचकाला माहीत आहे. दार लागता लागता तो तिला शेवटचं काय म्हणतो? 'मी जातो' म्हणत नाही. म्हणतो, 'आय ॲम कमिंग.' मी येतोय! अंगावर काटा आला माझ्या. आमच्याकडं मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी ते चूक समजून खोडलं होतं. मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, ही चूक नाही, ही किल्ली आहे. कुठं येतोय तो? कुणाकडं? पलीकडं कोणीतरी आहे? का काळच उलटा फिरतोय? मॅडम, ही मालिका आम्ही या एका ओळीवर घेतली. विचारा त्यांना. नेड असं का म्हणाला?"

ते पान मी वाचलं होतं. ती ओळही वाचली होती. मला तिच्यात काहीच खटकलं नव्हतं. मला का खटकावं?

मी हेमचंद्ररावांच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसले.

"हेमचंद्रराव, ते विचारतायत," मी म्हटलं, "की नेड निघताना आईला 'येतो' असं का म्हणाला?"

आणि वाक्य तोंडाबाहेर पडता पडताच माझ्या लक्षात आलं की मी काही विचारलेलंच नाही.

"मग काय म्हणेल?" कुमुदताई म्हणाल्या. "'जातो' म्हणेल? सख्ख्या आईला?"

हेमचंद्रराव हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच असे हसले, खांदे गदगदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पेंडलही आशेनं हसायला लागला. खोलीत हसत नव्हते ती मी एकटी.

"आई," हेमचंद्रराव म्हणाले. डावा हात उचलून त्यांनी समोर कुठंतरी दाखवलं. "आई. रेवस. धक्का."

"रेवसच्या धक्क्यावरचं सांगतायत," कुमुदताई मला म्हणाल्या. "विलायतेला निघाले तेव्हा सासूबाई लाँचपर्यंत आल्या होत्या. हे लाँचमधून ओरडले, 'आई, येतो.' माझ्यासमोर. नवी नवरी होते मी. सासूबाईंनी 'ये' म्हटलं, लाँच सुटली. नंतर मला इकडं बोलावून घेतलं. सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांना रजा मिळाली नाही. पण त्याचं आत्ता काय?"

मला एकदम मागचा एक रविवार आठवला. झटका येण्याच्या आधीचा. मी डबा द्यायला आले होते आणि हेमचंद्रराव यंत्रात कोरा कागद घालून बसले होते. तो कागद मी आदल्या रविवारीही तसाच पाहिला होता. "गुप्तेबाई," ते म्हणाले होते, "मेलेल्या माणसाला दुसऱ्या भागात चालवायचा कसा असतो हो?" मी हसले होते. त्यांची थट्टा करायची रीतच तशी होती.

"हेमचंद्रराव," मी विचारलं, "नेड परत येतो?"

ते म्हणाले, "हो."

खोलीत आम्हा दोघींनाच त्याचा अर्थ माहीत होता.

"काय म्हणाले?" पेंडलनं विचारलं. त्यानं वही काढली होती, टोपण दातांत धरलं होतं.

मी सांगितलं. त्याला असं सांगितलं, की आमच्याकडं घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. 'जातो' अशुभ. बाजारात भाजी आणायला निघाला तरी आणि साता समुद्रापार निघाला तरी तो 'येतो' असंच म्हणतो. निरोप घ्यायचा शब्द आहे तो. तुम्ही 'गुड बाय' म्हणता, तसा.

पेंडलनं टोपण तोंडातून काढलं. पुस्तकातल्या त्या ओळीकडं पाहिलं. तिच्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे," तो म्हणाला, "त्या बाईंचं बरोबर होतं."

"दोघांचंही बरोबर होतं," मी म्हटलं.

"नाही, नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तो फक्त निरोप घेत होता."

कुमुदताईंना एक शब्द समजला नव्हता, पण चेहरे त्यांना कुणाहून चांगले वाचता येत. पेंडल वही मिटायला लागला तसं त्यांचं हसू गेलं.

"वसुधा, काय सांगितलंस त्याला? तो बंद का करतोय? सांग, नेड परत येतो म्हणून सांग."

"कुमुदताई, हेमचंद्रराव 'हो' म्हणाले. म्हणजे..."

"म्हणजे काय ते मला नको शिकवूस. माझा नवरा आहे." आणि मी काही म्हणायच्या आत त्या उठल्या, पेंडलच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं तितकं इंग्रजी एका दमात बोलल्या. "नेड कम बॅक. सेकंड बुक. फर्स्ट पेज. ही कम बॅक. माय हजबंड टेल मी. एव्हरी डे ही टेल मी."

पेंडलनं त्यांच्याकडं पाहिलं. मग हेमचंद्ररावांकडं. मग माझ्याकडं. मी कानवल्यांच्या बशीकडं बघत होते.

"कसा येतो?" त्यानं मऊ आवाजात विचारलं. "मिसेस डीग, कसा परत येतो?"

"कम बॅक," कुमुदताई म्हणाल्या.

पेंडलनं वही पुन्हा उघडली आणि त्यात दोन शब्द लिहिले. त्यांच्याखाली रेघ ओढली.

"एवढं पुरेल," तो मला म्हणाला. "कसा, ते शोधून काढणारा माणूस आमच्याकडं आहे. ब्रिस्टलला असतो. हात भरभर चालतो त्याचा. नाव डीगच राहील, हे मी बघतो. आणि शेवटी ती ओळ ठेवू. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी. वाचकांना आवडते."

त्यानं शब्द पाळला. नेड हॅलम पुढं पुष्कळ पुस्तकांत परत आला. एकदा गोठलेला सापडला, एकदा त्याचा जुळा भाऊ निघाला, एकदा म्हणे तो शनीकडं गेलाच नव्हता. वाचनालयात ती पुस्तकं एका ओळीत उभी असत, कण्यावर एच. सी. डीग, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर तो दारात उभा राहून तेच म्हणे. पहिलं सोडलं तर त्यातलं एकही हेमचंद्ररावांनी पाहिलं नाही. दुसरं छापून आलं त्याच्या आधीच्या वसंतात ते गेले होते.

पण त्या दुपारी कुमुदताईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

"चालू राहणार ना? काय म्हणाला? नीट सांग."

"मालिका चालू राहणार म्हणाला."

"ह्यांचं नाव?"

"नाव राहणार."

"बघ!" त्या नवऱ्याकडं वळल्या. "ऐकलंत का, अहो? चालू राहणारे! मी म्हटलं नव्हतं?"

हेमचंद्रराव टंकलेखनयंत्राकडं बघत होते. इंग्रजी त्यांना समजत नव्हतं. पण ती वही उघडली, दोन शब्द लिहिले गेले आणि वही मिटली, हे बघायला इंग्रजी कशाला लागतंय? त्यांनी बोटं सैल केली. पेन मांडीवरून घरंगळून गालिच्यावर, कानवल्याच्या पदरांत पडलं.

पेंडलनं ते उचलून यंत्राशेजारी ठेवलं. हेमचंद्ररावांचा उजवा हात, जो विसरल्यासारखा पडला होता तो, त्यानं वाकून दोन्ही हातांत घेतला आणि क्षणभर धरला. त्याच्या जमेला मी हे धरते. दाराशी जाऊन तो थांबला.

"काय होता तो शब्द?" त्यानं मला विचारलं. "तुमचा. निघतानाचा."

मी सांगितला. त्यानं दोन-तीनदा जिभेवर फिरवून पाहिला, मग कुमुदताईंकडं वळून, मान लववून म्हणाला, "येटो."

कुमुदताई हरखल्या. "या हं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मंडळींना घेऊन या."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"जातो."

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. ऑक्टोबरपासून त्यांच्या तोंडून क्रियापद असं आलं नव्हतं. आणि शब्द कसा, तर स्वच्छ. कुठं अडखळणं नाही, लाळ नाही. रेवसच्या धक्क्यावर ऐकू जावा असा.

"अगं बाई!" कुमुदताई धावत खुर्चीशी गेल्या. "तुम्ही कुठं जाताय? ते निघालेत, ते. आणि असं नाही म्हणायचं, अहो. 'येतो' म्हणायचं."

हेमचंद्ररावांनी त्यांच्याकडं पाहिलं. चांगलं ओळखून, प्रेमानं पाहिलं.

"जातो," ते पुन्हा म्हणाले.

"येतो."

"जातो, कुमुद."

पेंडल पायऱ्या उतरून गेला होता. बाहेर फाटक वाजलं. कुमुदताईंनी हेमचंद्ररावांच्या गळ्याशी कोट नीट केला, कॉलर वर केली आणि माझ्याकडं बघून हसल्या.

"बघितलंस ना? शब्द अजून उलटेच पडतायत. पण यायला लागलेत. येतील हळूहळू जागेवर."

मी मान हलवली. हो अशी का नाही अशी, ते मला आज सांगता येणार नाही.

त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या. पडदे खाली पडले आणि खोलीत सकाळचा बोंबलाचा वास कुठून कोण जाणे परत आला. मी कपबश्या धुतल्या, गालिचा झाडला, पंपांचे कागद जिथून आणले होते तिथं नेऊन ठेवले. निघायला म्हणून दारात आले, आणि तिथंच उभी राहिले.

"काय गं?" कुमुदताई आतून म्हणाल्या. "काही विसरलीस?"

"नाही," मी म्हटलं. "येते."